ताप गेला, गाव राहिलं

इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायचं असेल, आणि तेही हसत हसत, तर तो 'डूलॅली' झालाय असं म्हणतात. शब्द घरगुती आहे. आयर्लंडमध्येही तो चालतो. न्यायालयात किंवा डॉक्टरच्या कागदावर तो कुणी लिहिणार नाही, पण चहाच्या टेबलावर तो सहज येतो. अर्थही ऐसपैस. चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणारी आजी डूलॅली. सामना जिंकल्यावर रस्त्यावर नाचत सुटलेला जमाव डूलॅली. नव्या छंदापायी पगार उडवणारा भाऊ डूलॅली. नको ते कागद ओकत सुटलेला प्रिंटरसुद्धा डूलॅली. वेडा, विसरभोळा, चक्रम, बेभान, बिघडलेला अशा पाच शब्दांची कामं मराठीत वाटून दिलेली आहेत. तिकडे हा एकटा शब्द ती सगळी करतो. तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की आपण एका गावाचं नाव घेतोय. ते गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातली देवळाली.

मी नाशिककडचा, आणि गेली बरीच वर्षं नोएडात राहतो. इथे गाव विचारल्यावर 'नाशिकजवळ, देवळालीच्या बाजूला' असं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. नोएडात सेक्टर २८, २९ आणि ३७ मध्ये अरुण विहार ही निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तिथला कुणी तोपखान्यातला असेल तर त्याचा चेहरा उजळतो. 'अरे, देवलाली!' भारतीय सैन्याचं तोपखान्याचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, त्यामुळे प्रत्येक तोफखानी अधिकाऱ्याच्या तरुणपणाचा एक तुकडा तिथल्या माळावर पडलेला असतो. हिंदीत ळ चा ल होतो, तेवढाच काय तो फरक. दुसरा गट इंग्रजी साहित्यात रमणाऱ्यांचा. त्यांना थोड्या वेळाने काहीतरी आठवतं आणि ते जरा मिस्कीलपणे विचारतात, 'म्हणजे ते डूलॅलीवालं?' एकाच नावाची ही दोन ऐकणी. पहिलीत गाव आहे, दुसरीत वेड आहे. गावातून वेड कसं निघालं, हे शोधताना माझ्या लक्षात आलं की या शब्दात मुळात वेडापेक्षा वाट पाहणं जास्त होतं.

आधी गाव. देवळाली नावाची गावं महाराष्ट्रात एकापेक्षा जास्त आहेत. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा वेगळी. नाशिकच्या देवळालीतही 'गाव' निराळं आणि 'कॅम्प' निराळा. नाशिक रोडला चिकटलेलं ते देवळाली गाव. तिथून काही किलोमीटरवर छावणी वसली ती देवळाली कॅम्प. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातली गोऱ्या शिपायांची संख्या वाढवली आणि त्यांची ने-आण ही कायमची कामगिरी होऊन बसली. १८६१ च्या सुमारास इथे तळ उभा राहिला. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबईचं बंदर देवळालीला थेट जोडलं गेलं. मुंबईहून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर, घाटमाथ्यावरची कोरडी हवा, मुंबईचा दमटपणा नाही. बोटीतून उतरलेल्या शिपायाला इथे आणायचं, हवेची सवय होऊ द्यायची आणि मग उत्तरेकडे पाठवायचं. मुदत संपलेल्याला उत्तरेकडून इथे आणायचं आणि बोट लागेपर्यंत ठेवायचं. दिल्लीहून इटारसी-भुसावळ मार्गे मुंबईला जाणारी पंजाब मेल आजही याच रुळांवरून जाते. ज्या गावाचं नाव वेडाला मिळालं ते निवडलं गेलं होतं चांगल्या हवेसाठी. पुढे पारशी आणि गुजराती कुटुंबांनी प्रकृती सुधारायला यावं म्हणून तिथे बंगले आणि आरोग्यधामं बांधली, ती त्याच हवेच्या भरवशावर.

आता वाट पाहणं. गोऱ्या शिपायांची ने-आण बारा महिने चालत नसे. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा जीवघेणा, त्यानंतर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. म्हणून सैन्यवाहू बोटींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा ठरलेला होता. १८६६-६७ मध्ये या कामासाठी पाच मोठ्या बोटी बांधल्या गेल्या: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, मलबार, सेरापिस आणि जमना. यातलं शेवटचं नाव वाचून मी थांबलो. जमना म्हणजे आपली यमुना. नोएडातून दिल्लीला जाताना मी जी ओलांडतो त्या नदीचं नाव मुंबई बंदरातल्या एका बोटीला दिलं होतं, आणि त्या बोटीची शिपाई महिनोन् महिने वाट पाहत असत.

एखाद्याची नोकरीची मुदत एप्रिलमध्ये संपली असं धरा. शेवटची बोट मार्चमध्ये गेलेली. पुढची नोव्हेंबरात. मधले सात महिने त्याला काही काम नाही. पलटण सुटलेली, सोबती पांगलेले, मागे राहिलेली नाती हजारो मैलांवर. अंगावर गणवेश आहे, पण शिपाईपण संपलेलं आहे. फ्रँक रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. १९३६ मध्ये त्याने 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. देवळालीत बोटीसाठी थांबलेल्या मुदत संपलेल्या शिपायांबद्दल तो सांगतो, आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर डाग नव्हता अशी माणसंही तिथल्या रिकामपणात कशी बिघडत तेही सांगतो. लोकप्रिय खुलासा असा की देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला. शिपायांच्या सांगण्यात मात्र इस्पितळापेक्षा मोकळा वेळ मोठा आहे. ज्यांच्या मनावर खरोखर गंभीर परिणाम झालेला असे, त्यांच्यासाठी विलायतेत साउदम्प्टनजवळ नेटलीच्या लष्करी रुग्णालयात १८७० पासून 'डी ब्लॉक' हा वेगळा विभाग होता. तिथे पोचायलासुद्धा बोटच लागत होती.

शिपाई नुसतं 'डूलॅली' म्हणत नव्हते. मूळ प्रयोग होता 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे नळ नाही की टकटक नाही. तो आपला ताप आहे. संस्कृतात ताप, फारसीत तप. हिंदीत क्षयाला तपेदिक म्हणतात त्यातला तप तोच. देवळालीचा ताप, म्हणजे देवळालीला आल्यावर चढणारा ज्वर. सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ मध्ये. त्याआधीच्या काळात ताप म्हणजे गढूळ पाणी, दूषित हवा, ऊन, दारू, घरची आठवण, काहीही असू शकत होतं. अशा ढगळ आजारात मनाचा आजार सहज मावला.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपल्या तापात हे सगळं आधीपासूनच आहे. मुलाला ताप येतो तो थर्मामीटरवर दिसतो. 'डोक्याला ताप' होतो तो कुठेच दिसत नाही, तरी सगळ्यांना कळतो. मनस्ताप, संताप, पश्चात्ताप ही त्याच घराण्यातली माणसं. संतांच्या वाङ्मयात तर आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे तिन्ही ताप एका दमात येतात. शरीराची आग आणि मनाची आग यांना एक शब्द पुरतो, हे या भाषेला शिकवावं लागलं नाही. छावणीच्या बाजारातून तो शब्द उचलणाऱ्या गोऱ्या शिपायाला हे व्याकरण कुणी समजावून सांगितलं नसणार, पण त्याने शब्द नेमका उचलला. 'मला ताप आलाय' असं म्हणण्यात लाज नसते. 'माझं मन थाऱ्यावर नाही' हे म्हणणं त्या काळच्या शिपायाला परवडणारं नव्हतं. देवळालीचा ताप म्हटलं की दोन्ही म्हणून व्हायचं.

त्याच शिपायांनी आणखीही शब्द घरी नेले. विलायतीचं 'ब्लायटी' झालं, देखोचं 'डेको', चिठ्ठीचं 'चिट', खुशीचं 'कुशी'. यातल्या ब्लायटीची आणि डूलॅलीची जोडी मला महत्त्वाची वाटते. ब्लायटी म्हणजे जिथे जायचंय ते घर, डूलॅली म्हणजे जिथे अडकून पडलोय ती जागा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत ब्लायटीला एक नवा अर्थ आला: जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील एवढी जखम. शिपाई अशी जखम व्हावी म्हणून मनात प्रार्थना करत. त्याच युद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हे नाव छापलं आणि शिपायाच्या मनाच्या जखमेला वैद्यकात जागा मिळाली. शिपायांच्या बोलीत त्याआधीपासून 'डूलॅली टॅप' होताच. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ मध्ये सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश काढला, त्यात तो नोंदला गेला.

इथून पुढे शब्दाचा प्रवास उताराचा आहे. शिपाई गावोगावी घरी परतले, त्यांच्या बायकामुलांनी शब्द उचलला. त्यांना ताप माहीत नव्हता, त्यामुळे टॅप निरर्थक झाला आणि हळूहळू गळून पडला. उरलं 'डूलॅली'. कानाला ते मजेशीरच लागतं; अंगाईतल्या निरर्थक बोलांसारखं. मूळ शब्दजोडीतला आजार निघून गेला आणि ज्या बिचाऱ्या अर्ध्याचा काही दोष नव्हता त्या गावाच्या नावावर सगळं वेड येऊन पडलं. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. तिच्या सुरुवातीच्या भागांची जागा देवळालीच होती: १९४५ सालची छावणी आणि तिथल्या तोपखान्याची नाटकमंडळी. लेखकद्वयीपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीत अशा मंडळीत होते. चित्रीकरण मात्र इंग्लंडातच, आणि रंगी राम या हिंदुस्थानी नोकराच्या भूमिकेत रंग फासलेला गोरा नट. या रंगकामामुळे ती मालिका आता पडद्यावर फारशी येत नाही. त्या विनोदाच्या मागे एक गंभीर गोष्ट होती. युद्ध संपूनही घरी सोडत नाहीत म्हणून १९४६ च्या जानेवारीत ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांनी कराचीपासून सुरुवात करून ठिकठिकाणी काम बंद पाडलं होतं. वाट पाहण्याचा ताप तेव्हाही उतरलेला नव्हता.

शब्द आता परतही आला आहे. २००९ मध्ये पुण्यात 'डूलॅली' नावाने बिअर गाळणारी मंडळी उभी राहिली आणि पुढे मुंबईत त्यांच्या 'टॅपरूम' निघाल्या. डूलॅलीच्या शेजारी टॅप पुन्हा येऊन बसला, पण आता तो खरोखरच नळ आहे. नाव ठेवणाऱ्यांनी ही कोटी जाणूनबुजून केली असेल तर तिला दाद द्यायला हवी. तिथे बसलेल्या मराठी मुलांना मात्र आपण तापाच्या नावाने थंड बिअर पितोय हे कळत असेल, असं मला वाटत नाही.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला टोचत राहते. वाट पाहणारे फक्त गोरेच होते का? छावणी म्हणजे शिपाई तेवढे नव्हेत. भिस्ती, धोबी, न्हावी, पंखा ओढणारे, खानसामे यांच्यावाचून एकही छावणी चालत नव्हती. रिकाम्या शिपायांच्या रिकाम्या संध्याकाळींची किंमत छावण्यांच्या बाजारातल्या बायकांनी मोजली; १८६४ च्या छावणी कायद्याने त्यांची नोंद आणि सक्तीची तपासणी सुरू केली, शिपायांना मात्र तशी सक्ती नव्हती. त्या बायकांना त्या दिवसांबद्दल काय वाटलं, ते सांगणारा शब्द कुठल्याच भाषेत गेला नाही.

आणि आपले शिपाई? १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन सापडली. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते, सातारा-कोकणातल्या घरांतले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि वाचलेल्यांचं उरलेलं युद्ध तुर्कांच्या कैदेत गेलं. दिल्लीच्या इंडिया गेटवर मेसोपोटेमियाचं नाव कोरलेलं आहे, हजारो सैनिकांची नावंही आहेत. ती मेलेल्यांची. अडीच वर्षं वाळवंटात घराची वाट पाहून परत आलेल्यांना कमान नाही आणि त्यांच्या तापाला नावही नाही. त्यांनी परत आल्यावर काय केलं असेल? ओसरीवर गप्प बसून राहिले असतील. घरच्यांनी 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून अंगारा लावला असेल. इंग्रज शिपायाच्या तापाला इंग्रजीने जागा दिली, भले चेष्टेत का होईना. आपल्या शिपायाच्या तापाला मराठीने तेवढीही दिली नाही. 'ताप' हा शब्द आपलाच असूनही.

म्हणून 'इंग्रजांनी आमच्या गावाची बदनामी केली' एवढी तक्रार करून मला थांबता येत नाही. गावाच्या नावावर वेड ढकलण्याची सवय आपल्यालाही भरपूर आहे. मुंबईत कुणी विचित्र वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात, पुण्यात येरवडा. दिल्लीत शाहदऱ्याला मनोविकारांची मोठी सरकारी संस्था आहे, तरी रिक्षावाल्यापासून मेट्रोतल्या कॉलेजकुमारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आग्राच. तिथलं इस्पितळ १८५९ पासूनचं. ताजमहाल ज्या गावात आहे त्याचं नाव शेजारच्या शहरात शिवीसारखं वापरलं जातं. त्याहून पूर्वेला गेलं की रांची. आणि रांचीचं ते प्रसिद्ध इस्पितळ १९१८ मध्ये उघडलं ते केवळ युरोपियनांसाठी. म्हणजे गोऱ्या वेडाने आपल्या एका गावाचं नाव इंग्रजीत नेलं आणि दुसऱ्या गावाचं नाव आपल्याच तोंडी बसवलं.

मराठी-हिंदी-उर्दू वाचणाऱ्यांना इथे मंटो आठवल्याशिवाय राहणार नाही. फाळणीनंतर, १९५० मध्ये, दोन्ही देशांनी आपापल्या वेड्यांच्या इस्पितळांतले रुग्ण खरोखरच सीमेवर अदलाबदल केले. त्यावर १९५५ साली आलेल्या कथेत मंटोने एका गावाचं नाव एका रुग्णाला चिकटवलं: टोबा टेक सिंह. गाव आणि वेड यांची ती दुसरी जोडणी, आणि ती उलट्या दिशेने होते. डूलॅलीत माणूस पुसला जातो आणि गाव वेडं ठरतं. मंटोकडे वेडा ठरलेला माणूस आपलं गाव कुठे गेलं एवढंच विचारत राहतो, आणि वाचणाऱ्याला कळतं की प्रश्न शहाणा आहे. देवळालीतला शिपाईही दुसरं काय विचारत होता? बोट केव्हा लागेल, घर कुठल्या बाजूला आहे.

आपल्या कायद्याने या बाबतीत तरी चाल धरली आहे. १९१२ च्या कायद्यात रुग्णाला 'ल्यूनॅटिक' म्हटलं होतं. १९८७ च्या कायद्याने तो शब्द काढला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आधी माणूस आणि मग आजार असा क्रम लावला. बोलीला असा कायदा करता येत नाही, आणि करूही नये. डूलॅली हा शब्द इंग्रजीतून काढावा असं मला वाटत नाही. तो गोड शब्द आहे आणि तो वापरणाऱ्यांच्या मनात माझ्या गावाबद्दल काही वाईट नसतं.

मला एवढंच वाटतं की त्याचा गळून पडलेला अर्धा भाग आपण सांभाळावा. तो आपलाच होता. नोएडातल्या आमच्या सोसायटीत कितीतरी मुलं मराठी, बिहारी, पहाडी घरांतली आहेत. परीक्षेच्या निकालाची, व्हिसाची, पहिल्या नोकरीच्या पत्राची वाट पाहत महिने काढणारी. त्यातला एखादा बोलेनासा होतो, रात्री झोपत नाही, आणि सोबती त्याला 'आगरा' म्हणून हाक मारायला लागतात. अशा वेळी मी मराठीत विचारतो, 'ताप आहे का रे?' बिहारी-पहाडी मुलांनाही शब्द कळतो. त्यांच्या घरीही ताप हा तापच असतो. कुणी कपाळाला हात लावून नाही म्हणतो. कुणी थोडा वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, 'आहे, काका.' मग बसून बोलता येतं, आणि लागलं तर डॉक्टरकडे सोबत जाता येतं.